रंगावर भाळू नका, पत्रा तपासा

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहतो. १९९१ची माझदा एमएक्स-५ विकायला आहे. इंजिन झकास आहे, रंगही ताजा आहे. घेऊ का? पुढे टर्बो बसवायचाय.
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : ताज्या रंगाखाली गंज दडलेला असू शकतो. या गाडीचं इंजिन दणकट, पण पत्रा नाजूक. कापडी छपरावरचं पाणी सीटमागच्या दोन भोकांतून खाली जातं. ती पाल्यापाचोळ्याने तुंबली की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत साचतं आणि पत्रा आतून कुजतो. मागच्या चाकाच्या पुढ्यात अंगठा दाबून पाहा. पत्रा कुरकुरला, तर वेल्डिंगचा खर्च धरूनच भाव करा. एमओटी, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. त्यात ‘गंज’ किती वेळा आलाय ते वाचा.

मग बॉनेट उघडून क्रँकची पुली पाहा. चार खाचा असतील तर क्रँक सुरुवातीचा, आखूड टोकाचा. त्याचा बोल्ट नीट आवळलेला नसेल तर क्रँकवरची चावीची (‘की’ची) खाच झिजते आणि काम महागात पडतं. आठ खाचा म्हणजे सुधारित क्रँक. टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांना बदलायचा, पावती मागा.

टर्बोची घाई नको. गाडी जेमतेम साडेनऊशे किलोची. आधी चांगले टायर, नवे बुश, शॉक अब्सॉर्बर आणि ब्रेक करून घ्या. वळणावर फरक लगेच जाणवेल. बदल कोणताही करा, विमा कंपनीला कळवा. नाहीतर अपघातानंतर दावा अडेल.