आवाज राखून ठेवण्याची विद्या

आमच्या आजीच्या कांहीं ओव्या आम्हीं लहानपणीं एका वहींत उतरून घेतल्या होत्या. ती वही आजहि आहे व शब्द जसेच्या तसे आहेत. परंतु त्यांची चाल आम्हांस आठवत नाहीं, आणि ती सांगावयास आजी आतां नाहीं. शब्द राहिले, आवाज गेला. आवाज कसा राखतां येतो, हाच आजच्या पाठाचा विषय होय.

आवाज म्हणजे हवेचीं कंपनें. पॅरिस येथील स्कॉट नामक गृहस्थानें १८५७ मध्यें एक यंत्र सिद्ध केलें. त्यापुढें बोललें असतां आंतील पडदा थरथरे, व त्यास जोडलेलें बारीक टोंक काजळी धरलेल्या कागदावर नागमोडी रेघ ओढी. १८६० मध्यें त्यानें एका फ्रेंच लोकगीताची अशी रेघ काढली. परंतु रेघेपासून पुन्हां आवाज काढण्याची सोय त्या यंत्रांत नव्हती. ती सोय १८७७ मध्यें एडिसनच्या फोनोग्राफानें केली. स्कॉटची रेघ मात्र संगणकाच्या साह्यानें २००८ मध्यें, म्हणजे १४८ वर्षांनीं, ऐकूं आली! प्रथम वेग चुकीचा धरल्यामुळें तो मुलीचा स्वर वाटला. वेग सुधारतांच तो पुरुषाचा ठरला. कोणीं गाइलें, कसें टिपलें, याची नोंद किती मोलाची असते हें यावरून दिसतें.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. पहांटे जात्यावर दळतांना स्त्रिया ओव्या गात. गांवोगांव पिठाच्या गिरण्या आल्या, जातें थांबलें, आणि ओवीहि मागें पडली. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइतवां यांनीं सहकाऱ्यांसह खेडोपाडीं हिंडून या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. प्रथम शब्द लिहून घेतले जात. पुढें त्यांतील पुष्कळ ओव्या ध्वनिफितींवरहि घेतल्या गेल्या. आज 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या इंटरनेटवरील संग्रहांत गाणारीच्या नांवा-गांवासह अनेक ओव्या कोणासहि ऐकतां येतात.

समुद्रपुराच्या आसपास बहुतेक घरीं आतां मोबाइल आहे. त्यांत आवाज आंकड्यांच्या रूपानें सांठतो. संगीताच्या सीडीसाठीं तर कंपनांचें मोजमाप दर सेकंदास ४४,१०० वेळां घेतात. आंकड्यांची नक्कल कितीहि वेळां केली तरी झिजत नाहीं. परंतु मोबाइल बिघडला आणि दुसरी प्रत नसली, तर सर्वच जातें.

म्हणून येत्या सुटींत एवढें करावें. आजीची अनुमति घ्यावी. पंखा बंद करून मोबाइल हातभर अंतरावर ठेवावा. आरंभीं तिचें नांव, गांव व दिनांक बोलावा. तिचें नागपुरी-वऱ्हाडी वळण सुधारूं नये. तेंच जपावयाचें आहे. शेवटीं प्रत दोन ठिकाणीं ठेवावी.

पालकांसहि विनंति आहे. मूल हें काम करूं लागल्यास त्यास खेळ समजून हंसूं नये. शेजारीं बसून आपणांस आठवेल तें सांगावें. आमची वही मुकी राहिली. तुमच्या मुलांची राहूं नये.