खिडकीतली सावर

पालकहो,

गेल्या डिसेंबरात लहान गटातल्या एका मुलाने मला विचारलं, "बाई, आपल्याकडे बर्फ कधी पडणार?" त्याचं सगळं लक्ष खिडकीबाहेर होतं. वर्गातल्या स्मार्ट टीव्हीवर आम्ही नुकतंच ऋतूंचं एक इंग्रजी गाणं पाहिलं होतं. स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर. विंटर म्हणजे बर्फाचा माणूस, एवढं त्याला पक्कं समजलं होतं. बाहेर लख्ख ऊन पडलेलं, आणि तो मनापासून वाट पाहत होता.

गाणं मीच लावलं होतं. त्या दिवशी घरी गेल्यावरही तो प्रश्न मनातून जाईना.

ते चार ऋतू खोटे नाहीत. युरोपातल्या किंवा उत्तर अमेरिकेतल्या मुलाला ते दारात उभे दिसतात. आपल्या बोलण्यात मात्र उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीनच, पंचांगात सहा. आपलं हवामान खातंही वर्षाचे चार भाग करतं, पण ते वेगळे: जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मॉन्सूनपूर्व काळ, जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मॉन्सून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर मॉन्सूनोत्तर काळ. गाण्यातल्या चौघांत पावसाळा नाहीच. ज्याच्यावर आपल्या घरातलं धान्य आणि नळाचं पाणी अवलंबून आहे, तोच नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो पानगळीचा. गाण्यात पानं गळतात ती थंडीच्या आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरात. आपल्याकडे तेव्हा रान हिरवंगार असतं. आपली झाडं पानं टाकतात ती थंडीत आणि थंडी सरता सरता, कारण पुढचे महिने कोरडे असतात. पानांवाटे पाणी उडून जातं, ते वाचवायला झाड पानं उतरवून ठेवतं. आणि त्याच निष्पर्ण फांद्यांवर पळस, पांगारा, काटेसावर फुलतात. म्हणजे आपल्याकडे पानगळ आणि फुलं पाठोपाठ येतात, मध्ये बर्फाची भिंत नसते. हे मुलांना कुठल्या तयार व्हिडिओत सापडणार?

आमच्या खिडकीतून एक काटेसावर दिसते. सुदैवाने जूनपासून दर सोमवारी अकरा वाजता आम्ही तिचा फोटो काढत होतो. फोन गजाच्या ठरावीक खुणेवर टेकवायचा, फोटो कोण काढणार याची पाळी लावलेली. तोवर हा नुसता खेळ होता. जानेवारीत सगळी पानं गेली तेव्हा एका मुलीने काळजीने विचारलं, "झाड मेलं का?" मी उत्तर दिलं नाही. सगळे फोटो टीव्हीवर जोडून भराभर सरकवले. जुलैतली दाट हिरवी सावर, दिवाळीनंतर विरळ होत गेलेली, मग नुसता काटेरी सांगाडा. मुलं दोनतीनदा "परत, परत" म्हणाली. मग तीच म्हणाली, "पुढच्या सोमवारी बघू." फेब्रुवारीत लाल फुलं आली, मैना आणि बुलबुल आले, वर्गात कल्ला झाला. एप्रिलअखेर बोंडं फुटून कापूस उडू लागला, तेव्हा बर्फाची वाट पाहणाऱ्या आमच्या त्या मुलाने एक पुंजका पकडून आणला आणि आतलं काळसर बी मला दाखवलं.

तेव्हा मला पटलं की पडद्याचं वर्गातलं खरं काम हे आहे. ऋतू फार हळू चालतो. पाच वर्षांच्या मुलाला जानेवारीत जुलै आठवत नाही. आठवण साठवून ठेवणं आणि दोन महिने शेजारी शेजारी मांडणं, हे यंत्राला जमतं. मला ते फळ्यावर जमलं नसतं. जूनमध्ये हवामान खात्याच्या संकेतस्थळावरची उपग्रहाची चित्रंही आम्ही पाहतो. ढगांचे पांढरे पुंजके अरबी समुद्रावरून सरकताना दिसतात आणि मुलं लगेच आभाळ बघायला धावतात. पडदा मुलांना असा बाहेर पाठवणारा असेल तर तो मला वर्गात हवा आहे.

म्हणून घरी ऋतूंचे व्हिडिओ आणखी लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा, कमी असेल तर उत्तम.

आणखी एक विनंती. "उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो" असं मुलांना सांगू नका. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपल्या थंडीत. तेव्हा अंतर साधारण १४.७ कोटी किलोमीटर असतं आणि जुलैत १५.२ कोटी. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. हे पाचव्या वर्षी समजणार नाही, समजावूही नये. "उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो, दिवस मोठा होतो" एवढं पुरे. ते खरं आहे, आणि मूल स्वतः पाहू शकतं. मेच्या मध्यावर, पुण्या-मुंबईत एका दुपारी उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. सुट्टीत ती गंमत त्याच्यासोबत नक्की बघा.

ज्यांची मावशी किंवा काका परदेशात आहेत, त्यांनी व्हिडिओ कॉलवर तिकडचं झाड जरूर दाखवावं. ते कुणाच्या तरी अंगणातलं असेल, म्हणून मुलांना खरं वाटेल.

या रविवारी तुमच्या गॅलरीतून किंवा रस्त्यावरून दिसणारं एक झाड मुलालाच निवडू द्या. फोटो त्यालाच काढू द्या, हलला तरी चालेल. जागा आणि वेळ मात्र दर रविवारी तीच ठेवा, तारीख लिहा आणि सोमवारी तो फोटो मला पाठवा. वर्गातल्या टीव्हीवर मी त्या झाडासाठी जागा ठेवली आहे.