जोडफाईल खराब, म्हणून सगळी पीडीएफ बंद?

तायांनो, बँक जोडणीचे कागद आता बहुतेक व्हॉट्सॲपवरच फिरतात. ठराव, पासबुक, आधार, एखादीचा सातबारा, सगळं पीडीएफमध्ये. आणि मग सचिवताईंचा फोन येतो, "फाईल उघडली की ॲपच बंद पडतंय, काय करायचं?"

आधी हे का होतं ते बघू. पीडीएफच्या पोटात दुसरी फाईल जोडता येते. हिशेबाचा एक्सेल तक्ता, फोटो, बिल, काहीही. आपण इतिवृत्ताच्या वहीला पावती टाचतो, तसंच. ती पानावर दिसेलच असं नाही. पण आत एक यादी असते, तिच्यात त्या फाईलचं नाव आणि ती कुठे ठेवली आहे हे लिहिलेलं असतं. कधी डाऊनलोड मध्येच तुटतं, कधी पीडीएफ बनवणारं सॉफ्टवेअरच चुकीची नोंद करतं. मग यादीत नाव आहे, जागेवर काहीच नाही!

आता समजा, वहीत लिहिलंय "पावती मागे टाचली आहे" आणि मागे नुसतीच टाचणी. म्हणून आपण बैठक सोडून उठतो का? नाही. "पावती नाही" अशी नोंद करतो आणि पुढचा विषय घेतो. चांगलं ॲप हेच करतं. जोडफाईल खरंच आहे का, नीट वाचता येते का, हे आधी तपासतं. नसेल तर ती बाजूला ठेवून पानं दाखवतं. कच्चं ॲप यादीवर डोळे मिटून विश्वास ठेवतं आणि कोसळतं. माझ्या मते गुपचूप वगळणारं ॲपही अर्धंच चांगलं, कारण आपल्याला वाटतं फाईल पूर्ण आहे, आणि बँकेत कर्जाचं प्रकरण एका कागदासाठी अडकतं.

जोडफाईल हा जुनाच वादाचा मुद्दा आहे. कागद वर्षानुवर्षं जपण्यासाठी २००५ मध्ये पीडीएफ/ए नावाचं मानक आलं, त्यात जोडफाईल चालतच नव्हती. २०१२ च्या तिसऱ्या भागात मात्र कुठल्याही प्रकारची फाईल जोडायला परवानगी मिळाली.

तर फाईल उघडली नाही की आधी तिचा आकार बघा. पाठवणाऱ्या ताईंकडे दिसतो त्यापेक्षा कमी असेल तर ती अर्धवटच उतरली आहे. पुसून पुन्हा डाऊनलोड करा. तरीही बंद पडत असेल तर दुसऱ्या ॲपमध्ये किंवा कॉम्प्युटरवर उघडा. पानं दिसली की मोजा, आणि जोडलेले कागद वेगळे पाठवायला सांगा. खराब फाईल गटावर पुढे ढकलू नका.

सातबाऱ्याचं तेवढं वेगळं. पुण्यातल्या जमाबंदी आयुक्त कार्यालयाच्या ई-फेरफार प्रकल्पातून २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. तो उघडला नाही म्हणून कुणाकडून स्क्रीनशॉट मागवू नका. चित्रात सही तपासता येत नाही. मूळ फाईलच पुन्हा उतरवा.

आणि फाईलच्या नावाच्या शेवटी "एपीके" असेल तर ती पीडीएफ नाहीच, नाव "बँक कर्ज यादी" असलं तरी. ते फोनमध्ये बसणारं ॲप असतं. त्यावर बोट ठेवायचं नाही, सरळ पुसायचं.