मोठ्या फाईलला एकच वळण : वर्डमधील ‘स्टाइल्स’ आणि आपल्या वर्णनात्मक नोंदी



आजचा विषय संगणकाचा आहे, पण सुरुवात पालक सभेतून करते. प्रथम सत्राच्या नोंदींची एकत्र फाईल घेऊन मी बसले होते. चार वर्ग, चार शिक्षकांनी टाईप केलेल्या नोंदी, सगळ्या जोडून नव्वदच्या वर पानं. समोर एक आई बसल्या. अनुक्रमणिकेत त्यांच्या मुलाचं पान ३७ लिहिलेलं होतं. मी ३७ काढलं आणि वाचलं, ‘शब्द वाचताना अडखळतो, सरावाची गरज आहे.’ बाई गप्पच झाल्या. पोरगा तर घरी गोष्टीची पुस्तकं वाचतो म्हणाल्या. मग माझं लक्ष वर नावाकडे गेलं. दुसऱ्याच मुलाचं पान होतं ते!

चूक कशी झाली? अनुक्रमणिका मी हाताने केली होती. नाव, मग ठिपके ठिपके ठिपके, मग पान क्रमांक. शेवटच्या दिवशी दोन मुलांच्या नोंदीत चार ओळी वाढल्या, पुढची सगळी पानं सरकली आणि अनुक्रमणिका जुनीच राहिली. मी त्या आईंची माफी मागितली. पण ज्या मुलाची नोंद परक्या माणसासमोर वाचली गेली, त्याचं काय? ते मला आजही लागून राहिलंय.

तर या लेखात, अशी फाईल संगणकाकडूनच नीट कशी ठेवून घ्यायची ते पाहू.

आधी बालभारतीचं परिसर अभ्यासाचं कुठलंही पुस्तक हातात घ्या. ‘सांगा पाहू’, ‘करून पहा’, ‘माहीत आहे का तुम्हांला?’ ही शीर्षकं पहिल्या पाठात जशी दिसतात तशीच शेवटच्या पाठात दिसतात. तिसरीचं मूल अक्षरं वाचण्याआधीच ओळखतं की इथे प्रश्न आहे, इथे कृती आहे. कारण पुस्तक करणाऱ्यांनी आधी ठरवलेलं असतं की हा मजकूर ‘कोण’ आहे, आणि मग तो ‘कसा दिसेल’.

आपण नेमकं उलटं करतो. ओळ निवडतो, जाड करतो, आकार १८ करतो, मधोमध आणतो. आपल्याला ते शीर्षक दिसतं, पण वर्डला ते शीर्षक आहे हे कळतच नाही. त्याच्या लेखी ती फक्त जरा मोठी, जाड ओळ. म्हणून तो अनुक्रमणिका करू शकत नाही. आणि पुढच्या शीर्षकाला मी १८ ऐवजी १६ दिलं तरी टोकत नाही.

स्टाइल म्हणजे मजकुराला दिलेलं नाव. होम टॅबवर उजवीकडे नॉर्मल, हेडिंग १, हेडिंग २ अशी खोकी दिसतात ना, तीच. आपल्या नोंदींसाठी मी अशी वाटणी केली आहे: इयत्ता म्हणजे हेडिंग १, विद्यार्थ्याचं नाव हेडिंग २, आणि प्रगतीपत्रकातले ‘विशेष प्रगती’, ‘आवड/छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ हे तीन रकाने हेडिंग ३. बाकी सगळा मजकूर नॉर्मल. ओळीवर कर्सर ठेवायचा आणि कंट्रोल, ऑल्ट व १ दाबायचं, हेडिंग १ लागतं. २ आणि ३ चंही तसंच. पहिल्या दिवशी बोटं अडखळतात, नंतर सवय होते.

आता रूप बदलायचं तर ओळीला हात लावायचा नाही, स्टाइलला लावायचा. हेडिंग २ च्या खोक्यावर राईट क्लिक करून मॉडिफाय घ्या. इथे एकदा केलेला बदल फाईलमधल्या प्रत्येक नावाला लागतो, मग मुलं तीस असोत की तीनशे. याच खिडकीत खाली डावीकडे फॉरमॅट, त्यात पॅराग्राफ, आणि त्यात ‘पेज ब्रेक बिफोर’ अशी एक खूण आहे. ती हेडिंग २ ला करून टाका. प्रत्येक विद्यार्थी आपोआप नव्या पानावर येतो. एंटर मारमारून पुढचं पान गाठायचं काम कायमचं संपतं. (एंटर मारून पान बदलणाऱ्यांत मी दहा वर्षं होते, म्हणून हसत नाही कुणाला.) मॉडिफायमध्येच ‘ऑटोमॅटिकली अपडेट’ अशीही एक खूण असते. ती मात्र करू नका. एका नावाचा रंग गंमत म्हणून बदलला तरी सगळी नावं रंगतात.

हे झालं की रेफरन्सेस टॅबवर जाऊन टेबल ऑफ कन्टेन्ट्स घाला. हेडिंग लावलेली प्रत्येक ओळ पान क्रमांकासह तिथे येते. मजकूर वाढला की अनुक्रमणिकेवर क्लिक करून एफ ९ दाबायचं आणि ‘अपडेट एंटायर टेबल’ निवडायचं. एवढंच. मात्र ही अनुक्रमणिका स्वतःहून सतत बदलत नाही. छापण्याआधी एफ ९ दाबायचं आपणच लक्षात ठेवायला हवं.

आता मराठीतली मेख, जी इंग्रजी व्हिडिओत सहसा कुणी सांगत नाही. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ समजतो आणि तिचा फॉन्ट व आकार इंग्रजीपेक्षा वेगळा साठवतो. आपण स्टाइलमध्ये फॉन्ट बदलतो आणि मराठी ओळ ढिम्म हलत नाही, कारण बदल फक्त इंग्रजी अक्षरांना लागलेला असतो. म्हणून मॉडिफाय, फॉरमॅट, फॉन्ट असं जा. तिथे लॅटिन टेक्स्ट आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स असे दोन भाग दिसतील. दोन्हीकडे फॉन्ट, जाडी, आकार भरा. दुसरा भाग दिसतच नसेल तर फाईल, ऑप्शन्स, लँग्वेजमध्ये मराठी जोडून वर्ड बंद करून पुन्हा उघडा. ओळींतलं अंतर ‘एक्झॅक्टली’ ठेवू नका. ते कमी पडलं तर वरच्या वेलांट्या, रफार नि खालचे उकार कापले जातात. ‘मल्टिपल’ घेऊन १.१५ वगैरे ठेवा.

दुसरी मेख जुन्या फॉन्टची. आमच्या एका सरांनी नोंदी कृतिदेवमध्ये टाईप केल्या होत्या. मी उत्साहाने सगळं निवडून कंट्रोल आणि स्पेस दाबलं (याने हाताने केलेली अक्षरांची सजावट निघते) आणि सरांच्या बावीस पानांची इंग्रजी अक्षरांची खिचडी झाली. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये फाईलच्या पोटात इंग्रजीच अक्षरं असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी कपडे घालतो. कपडे काढले की आतलं उघडं पडतं. त्यामुळे असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, वाचून तपासा, मगच स्टाइल लावा. रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात.

आणि पहिली-दुसरीच्या शिक्षकांना एक खास विनंती. काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. पाठ्यपुस्तकात मूल मराठी वळणाचा ल गिरवतं, आणि आपल्या कार्यपत्रिकेत एका पानावर एक ल, दुसऱ्यावर दुसराच. मोठ्यांना फरक जाणवत नाही. पण नुकतं अक्षर ओळखू लागलेलं मूल थांबतं, बोट ठेवतं आणि विचारतं, ‘बाई, हे काय?’ कार्यपत्रिकांसाठी मी टिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट घेते, त्यात मराठी वळण आहे. त्याला जाड अक्षरांचा वेगळा संच नाही, म्हणून शीर्षक जाड न करता नुसतं मोठं करते. फॉन्ट स्टाइलमध्येच बसवला की चुकून दुसरा ल शिरायची वाट बरीचशी बंद होते.

चार जणांच्या फाईली जोडताना पेस्ट करतेवेळी ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ निवडा. सगळं नॉर्मलमध्ये येतं आणि मग हेडिंग लावत जाता येतं. आधीच जोडून झाली असेल तर एका शीर्षकावर कर्सर ठेवून होम टॅबच्या सिलेक्टमधलं ‘सिलेक्ट ऑल टेक्स्ट विथ सिमिलर फॉरमॅटिंग’ वापरा. तशी सजावट असलेल्या सगळ्या ओळी एकदम निवडल्या जातात, एका क्लिकमध्ये हेडिंग लागतं. पण खरा उपाय आधीचाच आहे. रिकामी, स्टाइल लावलेली फाईल वर्ड टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा आणि सत्राच्या सुरुवातीलाच सगळ्यांना द्या. आमच्याकडे यंदा तसं केलं. दोघांनी तरीही आपल्याच जुन्या फाईलमध्ये लिहिलं, चालायचंच.

ज्यांच्याकडे वर्ड नाही त्यांनी लिबर ऑफिस घ्यावं, मोफत आहे. तिथे एफ ११ दाबलं की स्टाइल्सची यादी उघडते, आणि फॉन्टमध्ये तोच दुहेरी हिशेब असतो. गूगल डॉक्समध्येही हेडिंग आहेत, मात्र स्वतःच्या नावाची नवी स्टाइल तिथे करता येत नाही.

पालकहो, मुलांचा प्रकल्प टाईप करून देताना (आपणच देतो, कबूल करूया) हेडिंग लावून द्या. दृष्टिबाधित मुलं संगणकावर एनव्हीडीएसारखं वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर वापरतात. त्याच्या ब्राउझ मोडमध्ये एच दाबत मूल एका शीर्षकावरून थेट पुढच्या शीर्षकावर जातं. नुसत्या जाड केलेल्या ओळीवर ते थांबत नाही. त्या मुलाला सगळी फाईल पहिल्यापासून ऐकत बसावं लागतं.

शेवटी छपाई. आमच्या मांजर्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात एकदा मी वर्डची फाईल तशीच पेनड्राइव्हवर नेली. तिथल्या संगणकात माझा फॉन्ट नव्हता, दुसराच लागला आणि पानं पुन्हा सरकली. आता घरीच एफ ९ दाबते, पीडीएफ करते, आणि दुकानात जाण्याआधी अनुक्रमणिकेतली कुठलीही तीन नावं उघडून पान जुळतंय का ते बघते. त्यात ३७ नंबरचं पान असतंच.