प्याला कोणाकोणाच्या हातून येतो?

वाचनभाग : उत्पत्ती ४:९, हबक्कूक २:१५

उज्जैनच्या रेल्वे स्टेशनजवळचे देवास गेट बस स्टँडमुळे सर्वांना ठाऊक आहे. यात्रेकरू, माळव्यातले शेतकरी, रोजंदारीचे मजूर यांची तेथे सतत ये-जा असते. १ एप्रिल २०२५ पासून या शहराच्या महापालिका हद्दीतील दारूची दुकाने बंद झाली. मध्य प्रदेश मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये राज्यातील १९ धर्मक्षेत्रांसाठी तसा निर्णय घेतला होता. पुष्कळ घरांत समाधान वाटले. पण दुकान बंद झाले म्हणजे दारू बंद झाली काय? उत्तर शोधण्यासाठी दारूची सबंध साखळी पाहू या.

१. करणारा. उसाची मळी किंवा धान्य आंबवून डिस्टिलरीत स्पिरिट काढतात. हेच द्रव्य औषधांना व कारखान्यांनाही लागते. पिण्यासाठीचे स्पिरिट पुढे बाटल्यांत भरले जाते.

२. नेणारा. माल सरकारी परवान्यावाचून कारखान्याबाहेर पडत नाही. गोदामवाला, ट्रकचालक, हमाल यांचे पोट या दुव्यावर चालते.

३. विकणारा. ठेकेदार सरकारला मोठी रक्कम भरून दुकान घेतो. ती रक्कम भरून निघण्यासाठी खप व्हावाच लागतो. दुकानालगत बसून पिण्याचे अहाते मध्य प्रदेशात २०२३ मध्ये बंद करण्यात आले.

४. सरकार. दारूवरील कर हा राज्याच्या हातातला विषय आहे. पिण्याची दारू जीएसटीतही येत नाही. राज्यघटनेचे कलम ४७ मात्र मादक पेयांच्या बंदीसाठी राज्याने झटावे असे सांगते. एका हाताने कर घ्यावा आणि दुसऱ्याने रोखावे, असा हा पेच आहे.

५. पाजणारा. लग्नघरचा यजमान, जिवलग मित्र, निवडणुकीतला कार्यकर्ता. पुष्कळांच्या हाती पहिला प्याला यानेच दिलेला असतो.

या साखळीशेजारी एक चोरटी साखळीही असते. ऑक्टोबर २०२० मध्ये याच उज्जैनमध्ये 'झिंझर' नावाची विषारी दारू पिऊन दहाहून अधिक माणसे दगावली. त्यांत मजूर व भिकारी होते. पिण्यास अयोग्य असे स्पिरिट स्वस्त नशा म्हणून विकले गेले होते, आणि तपासात काही पोलिस शिपायांनाही अटक झाली. त्या वेळी शहरात परवान्याची दुकाने उघडीच होती. पुढे २०२१ मध्ये राज्याने कायदा बदलून, विषारी दारूने मृत्यू झाल्यास फाशीपर्यंतच्या शिक्षेची तरतूद केली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. २०२५ च्या निर्णयाने तिसरा दुवा तुटला, तोही शहराच्या हद्दीपुरता. हद्दीबाहेर दुकाने आहेत आणि देवास गेटवरून बस सुटतात. बंदी निरुपयोगी आहे असे नव्हे. मजुरी हाती पडल्यावर वाटेत दुकान लागले नाही, तर ती घरी पोहोचण्याचा संभव वाढतो. पण उरलेले दुवे कोणी तोडावेत?

प्रत्येकाला विचारून पाहा. करणारा म्हणतो, मी फक्त माल काढतो. चालक म्हणतो, मी फक्त गाडी हाकतो. ठेकेदार म्हणतो, मी कोणाला ओढून आणत नाही. काइनाने दिलेले उत्तर यापेक्षा वेगळे नव्हते. भावाची राखण आपल्याकडे नाही, हेच त्यालाही म्हणायचे होते. हबक्कूक संदेष्टा तर शेजाऱ्याला पाजणाऱ्यालाच थेट दोषी धरतो.

पहिले चार दुवे कदाचित आपल्या हातात नसतील. पाचवा आहे. आपल्या घरच्या लग्नात प्याला फिरणार नाही, एवढे आपण ठरवू शकतो. दारू सोडू पाहणाऱ्याजवळ बसू शकतो. एक सावधगिरी मात्र बाळगावी : रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडल्यास झटके येऊन जिवाला धोका होऊ शकतो. म्हणून त्याला आधी डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. या साखळीत आपल्या मंडळीतील कोणाचे पोट कोठे गुंतले आहे? त्याला दुसरे काम मिळावे म्हणून आपण काय करू?

२. "मी फक्त" हे शब्द आपण शेवटचे केव्हा उच्चारले?