टेम्पोच्या हप्त्याआधी परतीचं भाडं

मुलगा ‘टेम्पो घेतो’ म्हणाला की घरात पहिला प्रश्न उठतो, जमीन गहाण टाकावी लागेल का? प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ती वेळ येत नाही. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेतून मालवाहू गाडीसाठीही कर्ज मिळतं. ५० हजारांपर्यंत ‘शिशु’, ५ लाखांपर्यंत ‘किशोर’, १० लाखांपर्यंत ‘तरुण’. तरुण गटाचं कर्ज वेळेवर फेडलेल्यांसाठी २०२४ मध्ये ही मर्यादा २० लाखांवर गेली. घर किंवा शेत तारण लागत नाही, मात्र गाडीवर बँकेचा बोजा चढतो आणि आरसी बुकात तशी नोंद होते.

या कर्जामागच्या ‘सरकारी हमी’चा अर्थ मात्र अनेक घरांत उलटा लावला जातो. ही हमी बँकेला असते, कर्जदाराला नव्हे. कर्ज बुडालं तर बँकेच्या नुकसानीचा काही भाग हमी निधी भरून देतो. मुलाचा हप्ता त्यामुळे माफ होत नाही. गाडी जप्त होऊ शकते आणि बिघडलेला सिबिल स्कोअर उद्या घरकर्जालाही आडवा येतो.

आठ लाखांचं कर्ज, पाच वर्षांची मुदत आणि अकरा टक्के व्याज धरलं तर महिन्याचा हप्ता साधारण १७,४०० रुपये बसतो. डिझेल, विमा, टायर, टोल आणि पासिंगचा खर्च वेगळा. लासलगावहून कांदा घेऊन वाशीच्या बाजारात गेलेली गाडी रिकामी परतली, तर जातानाच्या कमाईतला मोठा वाटा येतानाच्या डिझेलात जातो. म्हणून कर्ज किती मिळेल यापेक्षा परतीचं भाडं कोण देईल, हा प्रश्न मोठा. शेतमालावर अवलंबून असलेल्यांनी हंगाम संपल्यावरच्या महिन्यांचाही विचार करायला हवा.

सुरुवात लहान गाडीने केलेली बरी. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसला, म्हणजे सगळ्यांच्या ‘छोट्या हत्ती’ला, परमिट लागत नाही, कारण भारासह ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना कायद्याने त्यातून सूट आहे. व्यावसायिक गाडी चालवण्यासाठी वय मात्र किमान २० हवं.

बारावीनंतर विशी गाठेपर्यंतची ही दोन वर्षं वाया घालवू नयेत. वाणिज्य शाखेच्या मुलाने शिकता शिकता एखाद्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काम करावं. ई-वे बिल, जीएसटी, भाड्याची घासाघीस, अडकलेली बिलं हे सारं तिथे रोज समोर येतं. शेवटची बाब विशेष महत्त्वाची, कारण या धंद्यात उधारी फार. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत चुकते करण्याचं बंधन २००६ च्या कायद्याने ग्राहक कंपनीवर घातलं आहे. गाडी घेणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असतं?

उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. मुद्राच्या अर्जासाठीही एजंट नेमलेले नाहीत. आईवडिलांनी मुलासोबत थेट बँकेच्या शाखेत जावं आणि ‘कर्ज पास करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात पैसे ठेवू नयेत.