पाण्यावरचा बाजार

थायलंड देशात काही ठिकाणी बाजार जमिनीवर भरत नाही, पाण्यावर भरतो. विकणारी बाई होडीत, तिचा माल होडीत आणि पुष्कळदा गिऱ्हाईकही होडीतच. थाई भाषेत या बाजाराला ‘तलात नाम’ म्हणतात. तलात म्हणजे बाजार आणि नाम म्हणजे पाणी. नदीला ते लोक ‘मे नाम’ म्हणतात, म्हणजे पाण्याची आई. आपणही नदीला माताच म्हणतो, नाही का?

मित्रमैत्रिणींनो, आधी नकाशा पाहा. भारताच्या पूर्वेला बंगालचा उपसागर, त्याच्या पलीकडे म्यानमार म्हणजे ब्रह्मदेश, आणि त्याला लागून थायलंड. राजधानी बँकॉक. त्यांचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असते. बँकॉकच्या नैर्ऋत्येला सुमारे १०० किलोमीटरवर राचबुरी प्रांतात दाम्नेन सादुआक नावाचे गाव आहे. तिथला बाजार सर्वांत प्रसिद्ध. राचबुरी म्हणजे आपल्या भाषेत राजपुरी. शेजारच्या प्रांताचे नाव समुत सोंगख्राम. ते सावकाश म्हणून बघा: समुद्र संग्राम! थाई भाषेत संस्कृत आणि पाली शब्द खूप आहेत, म्हणून इतक्या लांबची नावेही ओळखीची निघतात. नमस्कार करताना ते लोक ‘सावत्दी’ म्हणतात, तोही मूळचा आपला ‘स्वस्ति’ शब्द आहे.

आता प्रश्न असा, की बाजार पाण्यावर का भरवायचा? जमीन काय कमी पडली?

तो सगळा भाग सपाट आहे. चाओ फ्राया, था चीन आणि मे क्लोंग या नद्यांनी आणलेल्या गाळाची ती जमीन. पावसाळ्यात जिकडे तिकडे पाणी. अशा ठिकाणी रस्ता केला तरी तो चिखलात रुतायचा. त्यापेक्षा कालवा खणलेला बरा. त्यातून भात, नारळ, माणसे सगळे होडीने जाते आणि शेताला पाणीही मिळते. कालव्याला थाई भाषेत ‘ख्लोंग’ म्हणतात. १७८२ मध्ये बँकॉक राजधानी झाली तेव्हा तिथेही कालवे हेच रस्ते होते. १८६१ मध्ये तिथल्या परदेशी वकिलांनी राजाकडे अर्ज केला, की घोड्यावरून फेरफटका मारायला इथे रस्ता नाही आणि त्यामुळे आमची तब्येत बिघडते. मग १८६२ ते १८६४ या काळात नव्या पद्धतीचा पहिला मोठा रस्ता झाला. म्हणजे घोड्यांसाठी रस्ता मागावा लागला, इतके तिथले लोक होडीला सरावले होते. मला ही गोष्ट वाचून हसूच आले.

याच सुमारास राजा मोंगकुट याने मे क्लोंग आणि था चीन या दोन नद्यांना जोडणारा कालवा खणायला लावला. काम १८६६ मध्ये सुरू झाले आणि १८६८ मध्ये पुरे झाले. लांबी सुमारे ३२ किलोमीटर. त्याचे नाव दाम्नेन सादुआक, म्हणजे सोयीने जाणे-येणे. नंतर लोकांनी आपापल्या बागांपर्यंत त्याला छोटे छोटे फाटे काढले. असे फाटे दोनशेहून जास्त आहेत.

तिथली शेती शेतकरी पालकांनी जरूर समजून घ्यावी. आपण सरी-वरंबा करतो ना, तसाच प्रकार, पण खूप मोठा. रुंद चर खणायचा, निघालेली माती शेजारी टाकून उंच वाफा करायचा आणि त्या वाफ्यावर नारळ, पपनस, जाम, पेरू, केळी, भाजीपाला लावायचा. चरात बारा महिने पाणी. शेतकरी त्या चरातून छोटी होडी ढकलत झाडांना पाणी देतो. चरातले पाणी कालव्याला मिळते, कालवा नदीला मिळतो. बागेतला माल डोक्यावरून न्यायची गरजच नाही. होडीत भरला की वल्हवत निघायचे. चार कालवे जिथे मिळतात तिथे चारी बाजूंच्या होड्या गोळा होतात आणि झाला बाजार!

होड्या वल्हवणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. डोक्यावर ताडाच्या जातीच्या पानांची टोपलीसारखी टोपी असते. तिला ‘न्गोप’ म्हणतात. टोपीच्या आत बांबूच्या कामट्यांचे एक कडे असते. ते डोक्यावर बसते आणि टोपी वर अधांतरी राहते, म्हणून मधून वारा खेळतो आणि ऊन लागत नाही. एका होडीत आंबे, दुसरीत नारळ, तिसरीत चक्क चूल! होय, होडीत चूल पेटवून स्वयंपाक करतात. तांदळाचे पीठ आणि नारळाचे दूध कालवून खळग्यांच्या तव्यात भाजतात, त्याला ‘खनोम ख्रोक’ म्हणतात. आपल्या आप्प्यांचे ते भाऊबंदच म्हणा ना. तांदळाच्या शेवयांचे गरम कालवण लहान वाट्यांतून देतात. वाटी लहान का? डुलत्या होडीतून दुसऱ्या होडीत मोठा वाडगा देताना सांडेल आणि हात भाजेल. म्हणून वाटी लहान, आणि खाणारा तीन-चार वाट्या मागतो. ही युक्ती मला फार आवडली. पहाटे बौद्ध भिक्खूही होडीतून भिक्षेला येतात. काठावरच्या घरातली माणसे पायरीवर बसून त्यांच्या पात्रात भात घालतात.

हे सगळे वाचताना वाटते, की असा बाजार कायम टिकेल. पण तसे झाले नाही. विसाव्या शतकात रस्ते वाढले. बँकॉकमधले पुष्कळ कालवे बुजवून त्यांवरच रस्ते केले. गावोगावी पूल झाले, मोटारी आल्या. बागेतला माल टेम्पोत चढू लागला. गिऱ्हाईक रस्त्याकडे वळले, की बाजाराला त्याच्यामागे जावेच लागते. दाम्नेन सादुआकचा जुना बाजारही १९७० नंतरच्या काळात त्याच्या मूळ जागेवरून हलला आणि तोन खेम नावाच्या कालव्यात परदेशी पाहुण्यांसाठी वाढला. तिथे आज काठाने टोप्या, पंखे, लाकडी हत्ती, कपडे यांची दुकाने लागलेली दिसतात. काठावरचे दुकानदार लांब काठीच्या आकडीने पाहुण्यांची होडी आपल्याकडे ओढून घेतात! होडीतली माणसे दचकतात, मग हसतात, मग काहीतरी विकत घेतात.

काही लोक म्हणतात, हा आता खरा बाजार राहिला नाही, नुसता देखावा आहे. मी थायलंडला गेलेली नाही. नकाशा, पुस्तके व चित्रे पाहून हा पाठ लिहिला आहे. पण माझी आई आठवडी बाजारात भाजी घेऊन बसते, म्हणून मी चित्रांत आधी विकणाऱ्या बाईकडे पाहते. तिने पहाटे उठून आंबे सोलले, भात शिजवला, होडी भरली. घेणारा शेजारच्या गावचा असो की विमानातून आलेला असो, तिचे कष्ट तेवढेच असतात आणि संध्याकाळी घरी न्यायचे पैसेही खरेच असतात. देखावा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मात्र एक खरे, की जिथे फक्त पाहुणेच येतात तिथे भाजी हळूहळू कमी होते आणि लाकडी हत्ती वाढतात.

आपल्या भागातूनही हल्ली कोणी कोणी बँकॉकच्या सहलीला जातात. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगते. दाम्नेन सादुआकला सकाळी लवकर, नऊच्या आत पोहोचावे. नंतर सहलीच्या बसगाड्या येतात आणि होडीला होडी लागून कालवा जाम होतो. होडीचे भाडे बसण्याआधी ठरवावे, आणि ते एका माणसाचे की सगळ्या होडीचे, हेही विचारावे. तिथे ‘बात’ नावाचे नाणे चालते. भाषा येत नसली तरी अडत नाही, बाई हिशेबाच्या यंत्रावर आकडा दाखवते, आपण आपला आकडा दाखवायचा. घासाघीस चालते. पण आई म्हणते, घ्यायचे नसेल तर माल चिवडू नये आणि भाव पाडून निघून जाऊ नये. हे तिथेही लागू असणारच. जमल्यास वल्ह्याची होडी घ्यावी. इंजिनाच्या होडीला मागे लांब दांडा असतो आणि त्याच्या टोकाला पाणी कापणारा पंखा. उथळ पाणी किंवा शेवाळ आले की दांडा वर उचलता येतो, म्हणून ती होडी कुठेही जाते. पण आवाज कानठळ्या बसवणारा, आणि तिच्या लाटांनी कालव्याच्या कडा ढासळतात.

आवाजावरून अम्फावाची हकिकत सांगितली पाहिजे. समुत सोंगख्राम प्रांतातल्या अम्फावा गावचा जुना बाजार बंद पडला होता. २००४ मध्ये गावाने तो पुन्हा सुरू केला. तो शुक्रवार, शनिवार, रविवार असा दुपारपासून रात्रीपर्यंत भरतो. काठाला होड्या बांधून त्यांतच कोळंबी, माकुल भाजतात आणि लोक पायऱ्यांवर बसून खातात. अंधार पडला की पाहुणे होडीतून काजवे पाहायला निघतात. तिथे पाण्याच्या कडेला ‘लाम्फू’ नावाचे झाड असते आणि त्यावर हजारो काजवे एकाच तालात उघडझाप करतात. हे झाड आपल्या कोकणच्या खाडीतल्या चिप्पीच्या कुळातले आहे. पांढरी चिप्पी २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर झाली, तिचेच ते भावंड. तर झाले असे, की रात्री उशिरापर्यंत इंजिनाच्या होड्या घरासमोरून जाऊ लागल्या. काठावरच्या माणसांना झोप लागेना. शेवटी काहींनी वैतागून आपल्या दारची लाम्फूची झाडेच तोडली. झाड नाही तर काजवे नाहीत, काजवे नाहीत तर होड्या नाहीत! बाजाराने गावाला पैसा दिला आणि बाजारानेच गावाची झोप नेली. झाडे तोडणाऱ्यांना वाईट म्हणावे की होडीवाल्यांना, यावर आमच्या वर्गात बरीच वादावादी झाली. निकाल काही लागला नाही.

मला स्वतःला पाहायचा आहे तो तिसरा बाजार, था खा. तोही त्याच प्रांतात, पण लहान. तिथे आसपासच्या बागांतल्या बायका वल्हवत येऊन नारळ, नारळाचा गूळ, केळी, मिरच्या विकत आल्या आहेत. हा बाजार वारावर भरत नसे, तिथीवर भरत असे. चंद्र चढता असताना २, ७ व १२ आणि उतरता असतानाही २, ७ व १२. म्हणजे आपली द्वितीया, सप्तमी, द्वादशी! समुद्र जवळ असल्यामुळे कालव्यात भरती-ओहोटीचे पाणी येते, आणि पाणी पुरेसे असले तरच माल भरलेली होडी बागेतून बाहेर पडते. भरती-ओहोटी चंद्रावर अवलंबून, म्हणून बाजाराचा दिवसही चंद्र पाहून. आता पाहुण्यांच्या सोयीसाठी शनिवारी-रविवारीही तो भरतो. पण ज्याला तिथीचा बाजार पाहायचा असेल त्याने निघण्याआधी थाई पंचांगात दिवस काढून घ्यावा, कारण त्यांच्या आणि आपल्या तिथीत एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. आणि सकाळी सातलाच पोहोचावे. दुपारपर्यंत बायका घरी परत गेलेल्या असतात.